बेघरांसाठी चित्रप्रदर्शन आणि निधिसंकलन : कोणते काम कशाच्या आधी करावे

बेघर नागरिकांच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी परिसरातील हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांनी एकत्र येऊन प्रदर्शन भरवायचे आणि विक्रीतून आलेली रक्कम एखाद्या निवारा केंद्राला द्यायची, ही कल्पना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात बहुतेक गट सुरुवात सभागृहापासून करतात. तारीख ठरते, फ्लेक्स छापून होतो, प्रमुख पाहुण्यांना निमंत्रण जाते, आणि पैसे नेमके कोणाच्या खात्यात जमा होणार, पावती कोण देणार, ज्यांच्या आयुष्यावर चित्रे काढली त्यांना विचारले होते का, हे प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभे राहतात. पुढील टप्पे म्हणूनच उलट दिशेने लावले आहेत : आधी पैसा आणि संमती, नंतर चित्रे, आणि सभागृहाची सजावट सर्वांत शेवटी. उदाहरणे पुण्याची आहेत, परंतु नियमांचा भाग महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला लागू पडतो. या सगळ्यासाठी किमान चार महिने हाताशी ठेवावेत.

१. निधी कशासाठी, हे एका वाक्यात लिहून काढा

नागरी बेघरांसाठीच्या केंद्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान शंभर व्यक्तींची सोय होईल असा, वर्षभर आणि चोवीस तास खुला राहणारा निवारा अपेक्षित आहे. अशी केंद्रे साधारणपणे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या देखरेखीखाली एखादी स्वयंसेवी संस्था चालवते. याचा अर्थ छप्पर, पाणी, वीज, स्वच्छतागृह ही जबाबदारी मुळात महापालिकेची किंवा नगरपालिकेची आहे, आणि आपल्या प्रदर्शनाच्या पैशातून तिचे काम हलके करून देण्यात फारसा शहाणपणा नाही. सरकारी खर्चाच्या शीर्षात जे बसत नाही तेथे आपली रक्कम गेली पाहिजे.

ते काय आहे, हे केंद्राच्या व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय कळत नाही. थंडीच्या दिवसांत चादरी आणि ब्लँकेटे देणारे पुष्कळ येतात. परंतु हरवलेले ओळखपत्र पुन्हा काढण्यासाठीच्या खेपा, दवाखान्याचा रिक्षाखर्च, चष्मा, सामान ठेवण्यासाठी कुलूप लागणारा कप्पा, मूळ गावी परतायचे असेल तर तिकीट, किंवा भाड्याच्या खोलीची अनामत रक्कम, यांसाठी देणारा सहसा मिळत नाही. भेटीला शक्यतो संध्याकाळी जावे, कारण तेथे राहणारे बरेच जण नाक्यावर, हॉटेलात, भंगाराच्या कामावर किंवा लग्नाच्या जेवणावळींत दिवसभर राबत असतात आणि दुपारी गेल्यास रिकामे पलंग तेवढे दिसतात.

भेटीनंतर प्रयोजनाचे वाक्य लिहावे : “या प्रदर्शनातून जमा होणारी निव्वळ रक्कम अमुक निवारा केंद्रातील रहिवाशांच्या ओळखपत्रांसाठी आणि वैद्यकीय प्रवासखर्चासाठी वापरली जाईल.” हेच वाक्य, एक शब्दही न बदलता, परवानगीच्या अर्जावर, पावतीवर आणि फलकावर आले पाहिजे.

*इशारा :* “बेघरांच्या मदतीसाठी” एवढेच लिहू नये. इतक्या ढोबळ शब्दांत गोळा केलेल्या पैशाचा हिशेब नंतर कोणालाच पटवता येत नाही.

२. पैसा कोणत्या दाराने येणार, ते ठरवा

येथे दोनच सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की निवारा केंद्र चालवणारी नोंदणीकृत विश्वस्त संस्थाच अधिकृत आयोजक असावी, पैसे तिच्याच खात्यात जमा व्हावेत, पावत्या तिच्याच असाव्यात, आणि आपला गट केवळ सहआयोजक म्हणून श्रम करील. दुसरा मार्ग असा की आपला गट स्वतः निधी गोळा करील. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी नसलेल्या व्यक्तींना किंवा गटाला धर्मादाय कारणासाठी वर्गणी वा देणगी जमवायची असेल, तर कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी जी परवानगी काढतात ती हीच. पहिल्यांदा प्रदर्शन भरवणाऱ्यांनी पहिलाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हिशेब आणि लेखापरीक्षण यांची घडी संस्थेकडे आधीच बसलेली असते. एखादे नोंदणीकृत मंडळ किंवा वाचनालय पुढे येत असेल, तर त्याच्या घटनेतील उद्देशांत असे काम बसते का, ते आधी वाचून घ्यावे.

करसवलतीबाबत सर्वाधिक गोंधळ होतो. देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, “८०जी” म्हणून ओळखली जाणारी मान्यता संस्थेकडे असली, तरी चित्र विकत घेणे म्हणजे देणगी नव्हे : खरेदीदाराला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळालेली असते. त्याला विक्रीची पावती द्यावी, आणि जो केवळ देणगी देतो त्यालाच देणगीची. रोख देणगी दोन हजार रुपयांहून अधिक असेल तर तिच्यावर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर ही वजावट मुळातच नाही. देणगीदाराचे पॅन आणि पत्ता त्याच क्षणी लिहून घ्यावा, कारण संस्थेला वार्षिक विवरणपत्रात तो भरावा लागतो आणि चार महिन्यांनी फोन करून पॅन मागितला की कोणालाही संशय येतो. विक्रीवरील वस्तू व सेवा कराबाबत संस्थेच्या सनदी लेखापालाचे मत लेखी घ्यावे.

परदेशातील आप्तांकडून देणगी मागण्यापूर्वी थांबावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. तीच व्यक्ती अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिक झाली असेल, तर भारतीय वंशाची असूनही तिची देणगी विदेशी ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खाते लागते. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड पाठवून “तिकडूनही पाठवा” असे लिहिणे म्हणूनच अंगाशी येऊ शकते.

*तपासणी :* या टप्प्याच्या अखेरीस हाती तीन कागद असले पाहिजेत : संस्थेचे संमतिपत्र किंवा परवानगीचा आदेश, बँक खात्याचा तपशील, आणि पावती कोणाच्या सहीने निघेल याचा ठराव. एकही कागद कमी असेल तर पुढे जाऊ नये.

३. तारीख आणि जागा

१० ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन असल्यामुळे अनेकांचा कल त्या तारखेकडे असतो. परंतु पुण्यात त्या सुमारास परतीचा पाऊस हमखास गाठतो, आणि दमट हवेत जलरंगाचे कागद लाटेसारखे उठतात. पितृपक्षात अनेक घरांत नवी खरेदी टाळली जाते, आणि दिवाळीच्या तोंडावर लोकांचे हात खरेदीत आणि फराळात गुंतलेले असतात. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो : हवा कोरडी, संध्याकाळी लोक बाहेर पडलेले, आणि उघड्यावर झोपणाऱ्यांचा प्रश्न थंडीमुळे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बालगंधर्व रंगमंदिरातील कलादालनासारखी महापालिकेची जागा, महाविद्यालयाचे सभागृह किंवा सोसायटीचे बंदिस्त सभागृह चालेल. उघडा मंडप टाळावा. जागा पाहताना भिंतीत खिळे ठोकता येतात का, की साखळी किंवा पट्टीवरूनच टांगावे लागते, हे विचारावे. चाकाच्या खुर्चीने आत जाता येते का, आणि रात्री चित्रे कुलपात राहतात का, हेही तेव्हाच पाहावे. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची आणि रस्त्यावर फलक लावायचा असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी लागते.

४. निवाऱ्यातील रहिवाशांचा सहभाग आणि संमती

बेघर माणसांविषयीच्या प्रदर्शनात त्यांचे स्वतःचे काम नसेल, तर उरते ते दुसऱ्यांनी लांबून केलेले निरीक्षण. म्हणून निवाऱ्यातच दोन किंवा तीन चित्रकला-बैठका घ्याव्यात. त्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी असाव्यात. सहभाग ऐच्छिक असावा, आणि रेशन, पलंग किंवा इतर कोणत्याही सोयीशी तो जोडला जाणार नाही, हे व्यवस्थापकाच्या तोंडून सर्वांसमोर सांगितले जावे.

साहित्यात पोस्टर रंग, ॲक्रिलिक, खडू, कोळसा, जुनी वर्तमानपत्रे आणि जाड कागद पुरे. टर्पेंटाइन, थिनर आणि तेलरंग नेऊ नयेत : लोक जेथे झोपतात त्या खोलीत त्यांचा वास रात्रभर राहतो, आणि हुंगण्याच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसासमोर थिनरची बाटली ठेवणे क्रूरपणाचे आहे. “तुमचे दुःख काढा” असा विषय देऊ नये. गावाकडचे घर, आवडते जेवण, आजचा रस्ता असे मोकळे विषय द्यावेत, किंवा विषयच देऊ नये.

संमतिपत्र एका पानाचे, मोठ्या अक्षरांत आणि त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत असावे. निवाऱ्यात हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारेही असतात, त्यामुळे दुभाषा लागू शकतो. त्यात चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : चित्र प्रदर्शनात लावायचे का, विकायचे का, नाव द्यायचे का आणि कोणते, आणि छायाचित्र वापरायचे का. चारांनाही एकच सही घेऊ नये. चित्र विकायला तयार असलेला माणूस नाव द्यायला नकार देऊ शकतो, कारण आपण निवाऱ्यात राहतो हे त्याने घरी सांगितलेले नसते. उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत संमती मागे घेता येईल, हेही लिहावे. रहिवाशाच्या विकल्या गेलेल्या चित्राचे पैसे निधीत वळते न करता त्यालाच द्यावेत. त्याला स्वेच्छेने वाटा द्यायचा असेल तर तो निर्णय त्याचा.

*इशारा १ :* मुले असतील तर अधिक काळजी घ्यावी. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, छायाचित्र, पत्ता किंवा शाळा माध्यमांत प्रसिद्ध करता येत नाही. पालकांची सही घेतली म्हणून ही मनाई उठत नाही.

*इशारा २ :* चित्रकारांनी रस्त्यावरील ओळखू येणारी व्यक्ती, ती कोठे झोपते त्या पुलासह किंवा दुकानाच्या पाटीसह, रंगवू नये. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे, आणि उपजीविकेचे उघड साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणारी व्यक्तीही त्याच्या व्याख्येत अडकू शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या त्या दिल्लीपुरत्या. वर्तमानपत्रात छापून आलेले सुंदर चित्र एखाद्या कुटुंबाला त्या कोपऱ्यातून हुसकावण्यास निमित्त ठरू नये.

५. चित्रकारांशी लेखी बोलणे आणि किमती

“चांगल्या कामासाठी आहे, फुकट द्या” या विनंतीला पहिल्या वर्षी होकार मिळतो, दुसऱ्या वर्षी फोन उचलला जात नाही. कागद, रंग, माउंट (चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा) आणि वाहतूक यांचा खर्च चित्रकाराला परत मिळाला पाहिजे. विक्री किमतीच्या पंचवीस टक्के चित्रकाराला आणि उरलेले निधीला, ही वाटणी बहुधा दोन्ही बाजूंना मान्य होते. ज्याला आपला वाटा सोडायचा असेल त्याने तसे लिहून द्यावे. चित्रकाराशी होणाऱ्या करारपत्रात चित्रांची संख्या, आकार, पोहोचवण्याची तारीख, न विकलेले चित्र परत नेण्याची तारीख आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे असावे. चित्र विकले म्हणून त्याचा स्वामित्वहक्क विकला जात नाही, त्यामुळे त्याचे कॅलेंडर किंवा शुभेच्छापत्र छापायचे असेल तर वेगळी लेखी परवानगी घ्यावी. रहिवाशांच्या चित्रांनाही हाच नियम आहे, आणि नेमका तेथेच तो विसरला जातो.

किमती ठरवण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा. समजा, चाळीस चित्रे आहेत आणि सरासरी किंमत अडीच हजार आहे. सगळी विकली जातील असे धरून एक लाखाचे स्वप्न पाहणे ही नेहमीची चूक आहे. निम्मी विकली जातील असे धरावे, म्हणजे ५०,००० रुपये. त्यातून चित्रकारांचा वाटा १२,५०० आणि सभागृह, छपाई, वाहतूक, चहा मिळून खर्च १८,००० वजा केला, तर निवाऱ्याला १९,५०० रुपये पोहोचतात. ही रक्कम कमी वाटत असेल, तर उपाय किमती वाढवणे हा नसून खर्चाला स्वतंत्र प्रायोजक शोधणे हा आहे. खर्च आधीच उचलला गेला, तर विक्रीतील चित्रकारांचा वाटा सोडून सगळे पैसे निवाऱ्याला जातात, आणि फलकावर तसे लिहिताही येते.

शंभर-दीडशे रुपयांची हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे, पाचशे ते हजारांची लहान चित्रे आणि मोजकी मोठी, अशी उतरंड असावी. महाविद्यालयीन मुलगा रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. मोठ्या तीन-चार चित्रांसाठी बोली ठेवायची असेल, तर आरडाओरड्याच्या लिलावापेक्षा लेखी बोली बरी : चित्राशेजारी तक्ता, त्यावर मूळ किंमत, प्रत्येक वाढ किमान दोनशे रुपयांची, आणि बोली बंद होण्याची वेळ समारोपाच्या अर्धा तास आधीची.

६. मांडणी

अर्धा इम्पीरियल, म्हणजे १५ × २२ इंचांच्या कागदावरील चित्राला काचेची चौकट करू नये. चौकट अनेकदा चित्राइतकीच महाग पडते, आणि वाहतुकीत काच फुटली की कागदही फाटतो. जाड माउंट आणि पारदर्शक वेष्टन पुरेसे आहे. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवावा. रहिवाशांची चित्रे वेगळ्या कोपऱ्यात “विशेष दालन” म्हणून लावू नयेत. ती इतरांच्या मध्येच, त्याच माउंटमध्ये लागावीत.

प्रत्येक चित्राखाली पुढीलप्रमाणे चिठ्ठी असावी :

“क्र. १७. स्टेशनबाहेर, सकाळ. कागदावर जलरंग. १५ × २२ इंच. किंमत ३,००० रु. यांपैकी २,२५० रु. निवारा केंद्राच्या निधीला, ७५० रु. चित्रकाराच्या साहित्यखर्चासाठी.”

शेवटचे वाक्य कोणी छापत नाही, आणि पाहणारा मात्र सर्वांत आधी तेच विचारतो.

७. माहितीफलक

चार फलक पुरेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार लोक बेघर होते. हे आकडे देताना ते २०११ चे आहेत आणि बेघरांची ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती, हे त्याच ओळीत लिहावे, कारण एका रात्रीत मोजताना माणसे सुटणे स्वाभाविक आहे. “बेघर” आणि “भिकारी” हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

शेवटच्या फलकावर, पाहून झाल्यावर माणसाने काय करावे ते असावे : जवळच्या निवाऱ्याचा पत्ता, व्यवस्थापकांची परवानगी असल्यास केंद्राचा फोन, संकटातील मुलासाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, रुग्णवाहिकेसाठी १०८, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. छापण्यापूर्वी प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहावा.

८. उद्घाटन आणि विक्रीचे टेबल

उद्घाटन वीस मिनिटांत उरकावे. व्यासपीठावर कोणालाही ब्लँकेट, शिधा किंवा पाकीट देऊ नये आणि तसे छायाचित्र काढू देऊ नये. पाहुण्यांच्या कार्यकर्त्यांना हे आदल्या दिवशीच सांगितलेले बरे. रहिवासी येणार असतील तर त्यांच्या येण्याजाण्याची सोय करावी आणि त्यांना इतर प्रेक्षकांसारखे फिरू द्यावे. पहिल्या रांगेत ओळीने बसवणे हा सन्मान नव्हे.

टेबलावर एका वेळी दोघे असावेत : एक पावती लिहील, दुसरा पैसे पाहील. क्रम असा :

१. चित्राचा क्रमांक नोंदवहीत पाहावा आणि ते अजून विकले गेलेले नाही याची खात्री करावी.
२. पैसे घ्यावेत. यूपीआय असल्यास खरेदीदाराच्या फोनवरील हिरवी खूण किंवा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये. संस्थेच्या खात्यावर रक्कम जमा झाल्याचा संदेश पाहावा.
३. अनुक्रमांक छापलेल्या पुस्तकातून पावती फाडावी. स्थळप्रतीवर चित्राचा क्रमांक आणि रक्कम अक्षरांत लिहावी. विक्री आणि देणगी यांची पुस्तके वेगळ्या रंगांची ठेवावीत.
४. त्यानंतरच चित्राच्या चिठ्ठीवर, विकले गेल्याची खूण म्हणून, लाल टिकली चिकटवावी.

टिकली आधी लावली आणि खरेदीदार “गाडीतून पाकीट आणतो” म्हणून गेला, की तो परत येईपर्यंत खरा गिऱ्हाईक निघून जातो. चित्र मात्र समारोपानंतरच द्यावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी भिंती उघड्या पडतात.

*इशारा :* दानपेटीतून किंवा गल्ल्यातून चहा, रिक्षा, सुतळी असा कोणताही खर्च करू नये. त्यासाठी वेगळी किरकोळ रोकड ठेवावी. रात्री दोघांनी मिळून रोकड मोजावी, दोघांनी सही करावी, आणि बँक उघडेल त्या पहिल्या दिवशी भरणा करावा. स्वयंसेवकाच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर “तात्पुरते” पैसे घेणे ही या उपक्रमातील सर्वांत महाग चूक आहे. माणूस प्रामाणिक असला तरी हिशेब तसा दिसत नाही.

९. समारोपानंतरचे पंधरा दिवस

पहिल्या तीन दिवसांत विकलेली चित्रे सही घेऊन द्यावीत. आठवड्याच्या आत चित्रकारांचा वाटा बँकेतून पाठवावा, आणि बँक खाते नसलेल्या रहिवाशाचे पैसे व्यवस्थापकासमोर, पण त्याच्याच हातात, पावती घेऊन द्यावेत. पंधरा दिवसांत एकपानी हिशेब तयार करावा : एकूण विक्री, देणग्या, चित्रकारांचा वाटा, खर्चाच्या बाबी, निवाऱ्याला दिलेली रक्कम. फाडलेल्या, रद्द केलेल्या आणि कोऱ्या उरलेल्या पावत्यांची बेरीज पुस्तकांच्या एकूण पानांशी जुळली पाहिजे. परवानगी कलम ४१ क खाली घेतली असेल, तर आदेशातील मुदतीत हिशेब सादर करावा. तो एक पानाचा हिशेब निवाऱ्याच्या सूचनाफलकावरही लावावा, कारण पैसे कोणाच्या नावाने जमले हे तेथील लोकांनाही ठाऊक असते.

न विकलेली चित्रे ठरलेल्या तारखेला परत करावीत. “आता निवाऱ्यालाच लावून टाका” हा मोह टाळावा. तेथील भिंतीवर काय असावे, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवायचे आहे. संमतिपत्रे संस्थेच्या कपाटात ठेवावीत, आणि ज्यांनी छायाचित्राला नकार दिला होता त्यांची छायाचित्रे स्वयंसेवकांच्या फोनमधून आणि व्हॉट्सअॅप गटातूनही काढून टाकावीत.